घराबाहेरचे पहिले वर्ष



अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. एकाच्या नावात रेल्वे आहे, दुसऱ्याच्या नावात बाजार. अमरावती–नरखेड लोहमार्गामुळे बाजाराच्या चांदूरलाही पुढे रेल्वे आली. नाव मात्र जुनेच राहिले. या दोन्ही गावांचा शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या मुलांशी जुना संबंध आहे.

चांदूर बाजारच्या बसस्थानकावर जून-जुलैमध्ये एक देखावा दरवर्षी दिसतो. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, चिवड्याचा डबा आणि त्यांच्याभोवती उभे असलेले सारे कुटुंब. मुलगा वा मुलगी अमरावतीला, नागपूरला किंवा पुण्याला निघालेली असते. आई जेवणाविषयी बोलते, वडील फारसे बोलत नाहीत. त्यांच्या मनात दोन हिशेब चाललेले असतात. कपाशीची पेरणी आणि महाविद्यालयाचे शुल्क ही दोन्ही देणी एकाच पंधरवड्यात येतात. बियाणे, खत आणि मजुरी भागवून घरात रोकड उरत नाही. कापसाचे व आंबिया बहाराच्या संत्र्यांचे पैसे हाती यायला दिवाळी उजाडावी लागते. वऱ्हाडातील शेतकऱ्याचे मूल घराबाहेर पडते ते वर्षातील सर्वांत तंगीच्या दिवसांत. ही गोष्ट त्या मुलालाही ठाऊक असते, आणि तीच पुढे त्याच्या मनावर ओझे होऊन बसते.

कायद्याने प्रौढत्व एकदम दिलेले नाही, हप्त्याहप्त्याने दिले आहे. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो, त्याबरोबर ग्रामसभेचे सभासदत्व येते. ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यासाठी मात्र एकविसावे वर्ष लागते. घरातील प्रौढत्वाला असे कोणतेही वर्ष ठरलेले नाही. मुलगी एक दिवस सासरी जाणार हे गृहीत धरून तिला लहानपणापासून स्वयंपाक, काटकसर आणि परक्या घरात राहण्याची रीत शिकविली जाते. हे शिकविणे तिच्यावर अन्याय करणारेही ठरले आहे. पण मुलाला तर यातील काहीच शिकविले जात नाही. परिणामी, वसतिगृहात आलेला अनेक कर्तबगार मुलगा स्वतःचे ताट घासताना पहिल्यांदा गोंधळतो.

याच जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून त्यांना लहान वयातच घराबाहेर पडावे लागले. चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती आणि पुणे असे टप्पे घेत १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. वडील शामराव यांनी त्यासाठी जमीन गहाण ठेवून पैसा उभा केला. एडिंबरोची एम.ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी संपादन करून ते १९२६ मध्ये परतले. स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणून त्यांची कारकीर्द सर्वपरिचित आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. गहाण जमिनीवर शिकलेल्या त्या तरुणाच्या सहा वर्षांचे मोल पदव्यांमध्ये मोजता येत नाही. परत आल्यावर त्यांनी प्रारंभी हाती घेतलेल्या कामांपैकी एक होते अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालय. खेड्यातून आलेल्या निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका छताखाली राहावे, एका पंगतीत जेवावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. छात्रालयाच्या या मोठ्या संसाराला त्यांच्या पत्नी विमलाबाई यांनीही हात दिला. घर सोडलेल्या मुलाला आधी दुसरे घर हवे असते, हे ज्याने स्वतः घर सोडले त्यालाच नेमके कळले.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी शासनाने पुढे साहाय्याच्या योजना आखल्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठीच्या निर्वाह भत्त्याला पंजाबरावांचेच नाव आहे. पण अर्ज, दाखले आणि बँकखाते यांची जुळवाजुळव करायची कोणी? बारावीच्या निकालानंतरच्या घाईत ती जमत नाही. शिरजगाव किंवा करजगावच्या शाळेतील शिक्षकाने निकालाआधीच मुलांकडून उत्पन्नाचे व जातीचे दाखले काढवून घेतले, ग्रामपंचायतीने त्यासाठी एक दिवस राखून ठेवला, तर जुलैमधील कितीतरी धावपळ वाचेल.

पैशाची बाजू अशी सावरता येते. दुसरी बाजू अवघड आहे. पहिल्या सत्रात नापास झालेला मुलगा ते घरी सांगत नाही. ज्या शुल्कासाठी आईने दागिना मोडला, ते शुल्क वाया गेले असे त्याला वाटते. मग तो फोनवर "सगळं बरं आहे" म्हणतो. पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या बाबतीत हे मौन तीन-चार वर्षेही टिकते. गावात विचारणारेही "साहेब कधी होणार?" एवढेच विचारतात, आणि मुलगा सणाला गावी येणे टाळू लागतो. या मौनात काही तरुण फार एकटे पडतात. याचा दोष मुलावर टाकणे सोपे आहे. परंतु अपयशाची बातमी ऐकून घेण्याची सवय घरालाही लावावी लागते. जाण्यापूर्वीच वडिलांनी एकदा समोर बसवून शेताचा, कर्जाचा आणि शुल्काचा खरा हिशेब मुलापुढे मांडला, आणि वर्ष वाया गेले तरी या घराचे दार तुला उघडेच आहे हे त्याच वेळी सांगितले, तर मुलगा त्या हिशेबात भागीदार होतो.

दिवाळीत हीच मुले परत येतात. चांदूर बाजारच्या बसस्थानकावर तीच पेटी उतरते. घरी संत्र्याचा सौदा चाललेला असतो, व्यापारी दर सांगत असतो. या वेळी काही वडील मुलाकडे वळून विचारतात, "तुझं काय मत?"