गंधकावर जगणारा महाकाय जिवाणू



आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला नामिबिया आहे. जमिनीवर रखरखीत वाळवंट, आणि त्याला खेटून मासळीने भरलेला समुद्र. बेंग्वेला प्रवाहाच्या पट्ट्यात खोलातले थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर डायाटम नावाची सूक्ष्म शैवाले माजतात, मरतात आणि तळाशी त्यांचा हिरवट गाळ साचतो. हा गाळ कुजता कुजता प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तो सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू. कधी तो एकदम उसळून वर येतो, तेव्हा मासे मरून पडतात.

या गाळात 1997 साली हाइडे शुल्त्झ या जर्मन संशोधिकेला पांढऱ्या, चमकदार मण्यांच्या माळा दिसल्या. दिसल्या त्या नुसत्या डोळ्यांनी. खरे तर शोध चालला होता थायोप्लोका या दुसऱ्याच जिवाणूचा. हाती आला थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस. त्याची एकेक पेशी साधारण 0.1 ते 0.3 मिलिमीटरची, सर्वांत मोठी 0.75 मिलिमीटरपर्यंत.

जिवाणू एवढा वाढतो कसा? त्याच्या शरीरात रक्ताभिसरण नाही. रेणू आपसूक पसरत जातील तेवढेच, आणि दहापट अंतराला वेळ लागतो शंभरपट. एवढी मोठी पेशी आतून उपाशीच मरायची. पण हा गडी आतून जवळजवळ पोकळ आहे! सुमारे 98 टक्के जागा एका रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली. जिवंत पेशीद्रव्य म्हणजे तिच्याभोवतीचा एक-दोन मायक्रोमीटरचा पापुद्रा. म्हणजे आकार राक्षसाचा, पण जगणे मात्र त्या पापुद्र्यापुरते.

ती रिक्तिका म्हणजे त्याची कणगी. तिच्यात नायट्रेट भरलेले असते, समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. सल्फाइड हे इंधन, आणि ते जाळायला प्राणवायूऐवजी नायट्रेट. पंचाईत अशी की सल्फाइड गाळात आणि नायट्रेट वरच्या पाण्यात. थायोप्लोका सरपटत वर-खाली ये-जा करतो. आपल्या या महाशयांना हलताच येत नाही. वादळाने किंवा वायूच्या उसळीने गाळ ढवळला की पाणी भेटते, तेव्हा कणगी भरून घ्यायची आणि पुन्हा गाळात पडून राहायचे. सल्फाइडचे आधी गंधक होते. त्याचे कण पापुद्र्यात साठतात, म्हणून तो पांढरा चमकतो. अडीनडीला तेच गंधक पुढे जाळायचे. प्रयोगशाळेत थंड ठेवलेल्या गाळात, नवे काही न देता, यांतल्या काही पेशी दोन वर्षांहून अधिक काळ टिकल्या.

2022 साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटांवरच्या खारफुटीतून त्याचा भाऊबंद जाहीर झाला, थायोमार्गारिटा मॅग्निफिका. लांबी सुमारे एक सेंटिमीटर, क्वचित दोन. त्याचा डीएनए पटलाच्या पुडक्यांत बांधलेला असतो. जिवाणूंत हे नवलच. वर्तमानपत्रांना तो अधिक आवडला, आणि ते साहजिक आहे. मला मात्र नामिबियाचाच मोठा वाटतो, कारण त्याच्याकडे आणखी एक साठा आहे, फॉस्फेटचा. प्राणवायू नसताना सल्फाइड मिळाले की तो हे फॉस्फेट बाहेर सोडतो, भोवतालच्या गाळात त्याची खनिजे बनतात आणि त्यातून फॉस्फोराइट घडतो. खतासाठी जगभर खणून काढतात, तोच हा खडक.