रोल फिरलाच नाही
वाशीत थोरल्या भावाच्या पोराचं जावळ होतं. बाळ मामाच्या मांडीवर, न्हाव्याची कात्री चाललेली, आणि मी फोटोवर फोटो काढतोय. काउंटर ३६ ओलांडून ३९ वर गेला, तरी मी खूशच! रोल धुऊन आला तो काचेसारखा कोरा. फिल्मचं टोक स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. काउंटर लीव्हरचे झटके मोजतो, फिल्म नव्हे. म्हणून रोल भरल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्या. पुढे लीव्हर ओढताना ती कळ उलटी फिरली, तरच फिल्म सरकतेय. आणखी एक: फ्लॅश लावला, तर कापडी पडद्याच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत शटर ६० वर ठेवा. १२५ ला अर्धी पंगत काळी येते. वहिनी अजून जावळाचे फोटो मागतात.