रायतूरची इगर्जी आणि तिचे पुराण
(महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी आपल्या संस्थेविषयी चार गौरवाचे शब्द बोलावेत, अशी रीत आहे. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळी आज करतीलच. कार्यवाहांनी मला ‘जुन्या संस्था कशा टिकतात’ याविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती गोव्यातील साष्टी महालातल्या रायतूर या लहानशा गावची इगर्जी. तिची हकीकत सारीच गोड नाही; पण महोत्सवात खरे बोलू नये असा काही नियम नाही.

रायतूर झुआरी नदीच्या काठी आहे. येथे आदिलशाहीचा किल्ला होता. १५४३ मध्ये साष्टी पोर्तुगीजांच्या हाती कायमची गेली आणि हा किल्ला त्यांचे ठाणे झाला. किल्ल्याच्या आश्रयाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी इगर्जी उभी राहिली, ती साष्टीतील अगदी पहिल्या इगर्जींपैकी एक. तिचे नाव हिममाता. रोममध्ये ऐन उन्हाळ्यात एका टेकडीवर हिम पडले आणि तेथे मातेचे मंदिर बांधले गेले, अशी आख्यायिका आहे. त्या मातेचा सण ५ ऑगस्टला येतो. आमच्याकडे तेव्हा पावसाळा, आणि भाताला नवी कणसे धरू लागलेली. शेजारच्या राय गावी याच दिवशी कणसाचे फेस्त होते. हिम कोणी पाहिले नाही, पण कणीस सर्वांच्या ओळखीचे! परका सण मातीत रुजला तो असा.

परंतु ही रुजवण रक्तावाचून झाली नाही. १५६७ मध्ये याच रायतूर ठाण्याच्या कप्तानाने साष्टीतील देवळे पाडविली. राय गावची कामाक्षी तेव्हा नदी ओलांडून शिरोड्याला गेली. लोटलीचा रामनाथही अंत्रुज महालात गेला. पलीकडच्या तीरावर त्या वेळी पोर्तुगीज अंमल नव्हता. आजही कामाक्षी शिरोड्यालाच आहे. एका तीरावर इगर्जी, दुसऱ्या तीरावर देवी, आणि दोहोंकडे माणसे मात्र एकाच मुळाची.

पुढे १५८३ च्या २५ जुलैला कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या संतापाचा स्फोट झाला. पाच जेझुइट पाद्री आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती मारले गेले. त्यांचे प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा हे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परत आलेले होते. त्या पाद्र्यांचे देह रायतूरच्या इगर्जीत पुरण्यात आले. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. पाद्र्यांना थडगे मिळाले. गावकऱ्यांच्या नशिबी तेही नव्हते. दोन्ही मृत्यू आपलेच समजून आठवावेत, असे मला वाटते.

कुंकळ्ळीहून ते देह मिळवून आणणाऱ्यांत एक इंग्रज पाद्री होते, फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास आले आणि १६१९ मध्ये येथेच वारले. रागाचे फळ डोळ्यांनी पाहिलेल्या या माणसाने पुढे काय केले? त्याने लोकांची भाषा शिकली. त्याच्या पुराणाच्या प्रारंभी एक हकीकत आहे. साष्टीतल्या एका इगर्जीत आदितवारी मुलांना धर्मोपदेश चालला असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येऊन विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? मंडळी, हा केवळ भाविकाचा प्रश्न नव्हे. ज्याच्या ओठांवरची ओवी हिरावली गेली, त्याची ती फिर्याद आहे. देवळावाचून माणूस कसाबसा राहील. ओवीवाचून घर कसे राहणार?

त्या फिर्यादीचे उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, दुसऱ्याचे ५९, आणि ओव्या जवळजवळ ११,०००. ग्रंथ मराठीत, ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीच्या चालीत, आणि साष्टीच्या बोलीतले शब्द त्यात मिसळलेले. तो १६१६ मध्ये रायतूर येथेच, इगर्जीजवळच्या जेझुइटांच्या विद्यालयात छापला गेला. आपल्या लिपीत छापण्याची स्टीफन्सची इच्छा होती; १६०८ मध्ये त्याने रोमला तसे लिहिलेही. परंतु आपल्या जोडाक्षरांना साचे लागत सहाशेच्या घरात, म्हणून ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला. १६४० मध्ये त्याच छापखान्यातून त्याचे कोंकणी व्याकरणही निघाले. एका खेड्याने भाषेची एवढी सेवा करावी, हे थोडे नव्हे.

पण चक्र पुन्हा उलटे फिरले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज शिकावी. पुराणाची तिसरी आवृत्ती १६५४ मध्ये निघाली होती. त्यानंतर अडीचशे वर्षे छापील पुराण निघाले नाही. ते नष्ट झाले काय? नाही! लोकांनी हातांनी नकला केल्या, मुखाने ओव्या जतन केल्या, उपवासाच्या दिवसांत त्या गाइल्या. १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, आणि १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत निघाले. लेखकाची इच्छा पुरी व्हावयास पहिल्या आवृत्तीपासून ३४० वर्षे लागली. पुण्याचे ते पुस्तक शिरोड्याच्या भाविकालाही वाचता येते आणि रायतूरच्याही.

जेझुइट १७५९ मध्ये हद्दपार झाले, विद्यालयाचे सेमिनार झाले, किल्ल्याची आता वेस तेवढी शिल्लक आहे. तोफांनी राखलेले गेले आणि ओठांनी राखलेले राहिले. मला सांगावयाचे ते इतकेच. सत्तेच्या जोरावर भिंती उभ्या राहतात. ती संस्था आपली होते ती कोणीतरी आपल्या भाषेत आपल्याशी बोलते तेव्हा.

आपली न्यास-संस्था कोणत्याही किल्ल्याच्या आधाराने उभी नाही. ती उभी आहे घराघरांतून आलेल्या वर्गणीवर. आपल्या सभांचे इतिवृत्त, आपल्या मुलांची बक्षिसे, आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी या सर्व मराठीत लिहून ठेवा, आणि त्यांत कडू प्रसंग असतील तर तेही गाळू नका. पुढच्या महोत्सवाला आपली नातवंडे जेव्हा हा अंक उघडतील, तेव्हा त्यांना तो वाचता आला पाहिजे.