लटका किल्ला आणि खरे रहस्य



रहस्य आणि प्रेम यांच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. पण आम्ही शाळा लवकर सोडली आणि वाचनाची गोडी लागली ती याच पुस्तकांनी. दुसरी पाळी संपवून खोलीवर आलेल्या कामगाराच्या उशाशी बहुधा असेच पुस्तक असे. तेव्हा विषय आमचाच आहे.

अशी कल्पना करा : डोंगराच्या पायथ्याशी कोणी शिवकालीन गाव उभारले आहे. पाहुणे पगडी चढवून चार दिवस राहतात, नोकर मावळ्यांच्या वेषात वावरतात. तेथे एक दागिना नाहीसा होतो आणि तो शोधता शोधता दोघांची मने जुळतात. ही कल्पना परकी वाटते काय? निदान शिरगावकरांना वाटू नये. आपल्या गावाला लोक प्रतिशिर्डी म्हणतात. एका जागेचे रूप दुसरीकडे उभारले तर माणसे किती ओढीने येतात, हे आपण रोज पाहतो.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'चे नाव घेतात. साल १८७१. तिच्यातला किल्ला काल्पनिकच! पुढे नाथमाधव आले. ते तोफांच्या कारखान्यात नोकरीला होते. सिंहगडावरून पडून कमरेखाली लुळे झाले, आणि मग अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने लोकांना आपल्या कादंबऱ्यांतून गडागडांवर फिरवले. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड चाळीचाळींत ठाऊक होते. विद्वानांनी नाके मुरडली, लोकांनी पाने उलटली.

आमच्या मते या दोन प्रकारांत एक मोठा भेद आहे. ऐतिहासिक कादंबरी बहुधा राजाला आणि सरदाराला विचारते. रहस्यकथा मात्र सर्वांना एकच प्रश्न करते : "त्या रात्री तू कोठे होतास?" मग आचारी, पहारेकरी, धुणे धुणारी बाई, सारे साक्षीला येतात. ज्यांच्याकडे एरवी कोणी पाहत नाही, त्यांनीच सर्व काही पाहिलेले असते. आपल्या मावळातला लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. अभिमान वाटतोच. पण त्याचे दगड वाहणाऱ्यांची नावे कोण सांगेल?

लटक्या किल्ल्याचीही गत तीच. घाट उतरून कर्जतकडे गेलात, तर नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेला स्टुडिओ लागतो. 'राजा शिवछत्रपती' ही मालिका तेथे चित्रित झाली. असे दरबार सुतार, रंगारी आणि प्लास्टर करणारे कारागीर यांच्या हातून उभे राहतात. आपण पाहतो ते सिंहासन. ते घडवणारा आपल्याला दिसत नाही.

म्हणून आमच्या कल्पनेतल्या कादंबरीचा नायक असा असावा : मे महिन्याच्या उन्हात अंगात चिलखत घालून दारात उभा राहणारा, ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेला पोरगा. नायिका कपडेपटातली शिवणकाम करणारी मुलगी. दागिना हरवताच पहिला संशय या दोघांवर येईल. कारण गरिबावर संशय घेणे सर्वांत सोपे. आणि उलगडाही तेच करतील. कारण कोणता बुरूज पोकळ आहे आणि कोणती भिंत नुसती फळीची, हे त्यांनाच ठाऊक! वाचक हसेल, थोडा घाबरेल, शेवटी दोघांचे लग्न लागलेले पाहून सुखावेल, आणि पुढच्या वेळी तिकीट काढून आत जाताना दारातल्या मावळ्याला म्हणेल, "बाबा रे, पाणी प्यालास का?"

आठ तासांच्या कामासाठी कामगार लढला, तो उरलेल्या वेळात माणूस म्हणून जगता यावे यासाठी. त्या वेळात तो हसला, गुंगला, तर त्याला कमी लेखू नका. वाचनालयाच्या चालकांना आमची विनंती एवढीच, की ज्ञानेश्वरीच्या कपाटाशेजारी एक फळी या पुस्तकांनाही द्या. वाचणारा तिथून सुरुवात करील आणि पुढच्या कपाटाकडे आपल्या पायांनी जाईल.