अर्ध्या मात्रेचा हिशेब

काशीच्या मणिकर्णिकेवरून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघालेल्या यात्रेकरूस प्रथम शिंद्यांचा घाट लागतो, मग संकठा घाट, आणि थोडे पुढे भोसल्यांचा घाट. संकठादेवीच्या मंदिराकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस अशी मराठी नावे उभी आहेत. मराठी माणसाने या नगरीत आणखी एक बांधकाम केले. मात्र त्याला दगड लागला नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राहिलेल्या नागेशभट्ट काळे या वैयाकरणाने ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ रचला. पाणिनीची सूत्रे लावावीत कशी, हा त्याचा विषय. संगणकास आज्ञा देण्यासाठी कोणती भाषा पत्करावी, या आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यालाही तो उपयोगी पडावा.

पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. ‘अच्’ म्हणताच सारे स्वर हजर होतात. एका सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत न लिहिताच चालत येते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. पण संक्षेप हेच भाषेचे सार्थक काय?

शाळेतील संधी आठवावेत. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होते. इकाराचा यकार झाला. मग ‘गिरि’ आणि ‘ईश’ यांचे ‘गिर्यीश’ का होत नाही? तेथेही पुढे स्वरच आहे. कारण दोन सजातीय स्वरांचा एक दीर्घ व्हावा, असा विशेष नियम आहे, आणि अपवाद हा सामान्य नियमाहून बलवान, हे आधीच ठरलेले आहे. असे निवाडे करणाऱ्या शंभरांहून अधिक परिभाषा नागेशभट्टांनी तपासल्या. सूत्र आखूड राहू शकले, ते या निवाड्यांच्या आधारावर.

यंत्राच्या भाषांचा अनुभव निराळा नाही. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली १९५७ साली फोरट्रान आली आणि शास्त्रज्ञाला आपली समीकरणे जवळजवळ समीकरणांसारखीच लिहिता येऊ लागली. १९६० च्या अल्गोल भाषेचे व्याकरण बॅकस यांच्या नियमपद्धतीने मांडले गेले. त्या पद्धतीस पाणिनीचेही नाव जोडावे, असे पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली सुचविले. उलट, १९५९ साली आखलेली कोबोल ही भाषा शब्दबंबाळ. परंतु हिशेबाचा व्यवहार वाचून समजावा म्हणून ती तशी केली होती, आणि बँकांच्या कारभारात ती अद्याप टिकून आहे. तेव्हा आखूडपणा किंवा लांबी ही खरी कसोटी नव्हे. दोन नियम एकाच जागी भिडले असता काय घडेल, हे लिहिणारा, वाचणारा आणि यंत्र या तिघांनाही सारखेच कळले पाहिजे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात नागेशभट्टांचा ग्रंथ संपादून इंग्रजीत आणला. जर्मनीहून आलेल्या परक्यालाही त्या नियमांतून वाट काढता आली, कारण ती वाट शास्त्रीपरंपरेने शिकविण्याजोगी राखली होती. लिहिणाऱ्याचे श्रम वाचविणारी भाषा सर्वांनाच प्रिय असते. परंतु आज्ञावली एकदा लिहिली जाते आणि पुढे अनेकांच्या हातून दुरुस्त होते. घाटाची पायरी बांधणाऱ्याच्या सोयीने बसवून भागत नाही. तिच्यावरून उतरायचे असते ते अनोळखी पावलाला.