स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि रुग्णालयातील अस्वस्थता
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कापडाचा व्यापारी. तरीही हा विषय घेतला, कारण तो आता घरोघरी येऊन ठेपला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अनुमानानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, आहे. हे प्रमाण शंभरात सातांहून अधिक पडते.

अशा वृद्धांना कधी खुब्याच्या हाडासाठी, कधी न्यूमोनियासाठी रुग्णालयात न्यावे लागते. घरी शांत असणारे आजोबा तेथे दुसऱ्याच रात्री सलाईनची सुई उपसतात, ओरडतात, पलंगावरून उतरू पाहतात. मग गुंगीचे इंजेक्शन दिले जाते किंवा हात पट्टीने पलंगाला बांधले जातात. वास्तविक हा आकांत म्हणजे त्यांचे बोलणे असते. दुखते आहे, तहान लागली आहे, लघवी तुंबली आहे, हे सांगण्याचे शब्द हरपलेले असतात. नॉर्वेतील वृद्धनिवासांत अशा ३५२ जणांचा अभ्यास झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, केवळ वेदनेवर पद्धतशीर उपचार केल्याने अस्वस्थता सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. बहुसंख्यांना साधे पॅरासिटामॉल पुरले. मन शांत करण्याचे औषध ते नव्हेच.

उलट, मनोविकारांवरील काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ सालीच दिला. क्वचित ती लागतातही, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. चालू औषध आपण परस्पर बंद करू नये. मात्र एक-दोन दिवसांत वागणे अचानक बिघडले, तर ते डॉक्टरांच्या कानावर तातडीने घालावे. त्यामागे जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ वा शरीरातील क्षारांचा असमतोल असू शकतो.

अमेरिकेतील येल येथे डॉ. शेरॉन इनोये यांनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांवर एक प्रयोग केला. चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, दिवस आणि ठिकाण पुनःपुन्हा सांगणे, पाणी पाजणे, चालवणे, रात्री गोळीऐवजी कोमट पेय, मंद संगीत व पाठीला मालिश, एवढेच उपाय! १९९९ साली निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णालयात उद्भवणारी भ्रमावस्था शंभरात १५ वरून १० पर्यंत खाली आली होती. हे सर्वच रुग्ण स्मृतिभ्रंशाचे नव्हते, हे खरे. पण व्यापारी हिशेबाने पाहता इतक्या कमी भांडवलात इतका नफा मी पाहिलेला नाही.

ब्रिटनमध्ये डॉ. जॉन जेरार्ड हे स्मृतिभ्रंश असूनही चालते-बोलते होते. २०१४ साली पायाच्या जखमांसाठी ते पाच आठवडे रुग्णालयात राहिले. भेटींवर निर्बंध होते. ते खंगून, चालणे हरपून घरी परतले आणि त्याच वर्षी निवर्तले. कन्या निक्की जेरार्ड यांनी मैत्रीण ज्युलिया जोन्स यांच्यासह मोहीम उभारली, तिची मागणी एकच : घरच्या माणसाला रुग्णाजवळ राहू द्या.

आपल्याकडे वॉर्डात घरचे कोणी थांबतेच. अडते ते आय.सी.यू.च्या दाराशी. तेथे आपल्याऐवजी एक कागद आत जावा. घरी त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात, मारवाडी समजते की गुजराती, कोणत्या कुशीवर झोपतात, हे त्यावर ठळक लिहावे. ज्यांनी चाळीस वर्षे सूर्यास्तानंतर अन्न घेतले नाही, त्यांच्यापुढे रात्री साडेआठला ताट आले तर ते ढकलणारच. कागद वाचलेली सिस्टर त्यांना हट्टी म्हणणार नाही, ताट साडेपाचला मागवील.

आता माझ्या धंद्यातले. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत स्वयंसेवक लोकरीचे विणलेले, बटणे व फिती लावलेले हातगुंडाळे देतात. 'ट्विडलमफ' असे त्याचे नाव. बेचैन बोटांना चाळा मिळाला की ती सलाईनकडे कमी वळतात. आपल्या उकाड्यात लोकर नको. जुन्या मऊ सुती लुगड्याचा काठ, एक जाड पट्टी आणि निघणार नाहीत अशी पक्की शिवलेली दोन मोठी बटणे पुरेत. बटण तोंडात घालणाऱ्या रुग्णाला बटणाऐवजी गाठी माराव्यात. सिस्टरांना विचारून द्यावे, एकाचे दुसऱ्याला देऊ नये, आणि गरम पाण्यात धुता येईल असेच कापड घ्यावे. पॉलिस्टर घेऊ नका, घामाने ते हाताला चिकटते.