नाव, वडिलांचं नाव, आडनाव

‘तुमच्या कामाविषयी बोला’ असं मला सांगितलंय. मी बॅकएंड इंजिनिअर. तुम्ही मोबाईलवर बटण दाबता, त्यानंतर पलीकडे नोंद तपासणं आणि जपून ठेवणं हे आमचं काम. आता टीम लीड आहे. म्हणजे स्वतः कोड कमी लिहितो, दुसऱ्यांचा जास्त वाचतो.

आज फक्त एका रकान्याबद्दल बोलतो. आपल्याकडे मराठवाड्यात नाव कसं लिहितात? आधी शेख, मग स्वतःचं नाव, पुन्हा शेख, मग वडिलांचं नाव. फॉर्ममध्ये मात्र तीन चौकटी. त्यामुळे एका कागदावर शेख हे माझं पहिलं नाव झालं, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर गायबच. पहिल्या नोकरीचा पहिला पगार याच फरकापायी तीन आठवडे अडकला. अब्बा रोज फोन करून विचारायचे, “आला का?”

आणि गंमत बघा, दोन वर्षांनी तसलाच फॉर्म मी स्वतः बनवला. आडनाव सक्तीचं! एका बाईंची नोंदणी तीनदा परत गेली, कारण त्यांना आडनावच नव्हतं. तक्रार माझ्याच टेबलावर आली.

तेव्हा पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरचा २०१० मधला लेख वाचला. नावांबद्दल प्रोग्रामर काय काय चुकीचं धरून चालतात, त्याची ती यादी आहे. त्यातल्या बऱ्याच चुका माझ्या कोडमध्ये होत्या. मग तीन चौकटी काढून एकच ठेवली: कागदावर आहे तसं पूर्ण नाव. नाव जुळलं नाही तर अर्ज फेटाळायचा नाही, माणसाकडे पाठवायचा.

तेव्हापासून मराठीत लिहायला लागलो. टीममध्येही नियम केला: चूक दुरुस्त झाली की ती का झाली यावर एक पान लिहायचं. कोणाची चूक, हे लिहायचं नाही. सुरुवातीला पोरं कुरकुरली. आता नवीन आलेला माणूस आधी तीच पानं वाचतो.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत या गावच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षं टिकली. तिथे आडनाव कोणी मागितलं नव्हतं.

असो. ज्यांच्या आधार, पॅन आणि गुणपत्रिकेवर नाव वेगवेगळं आहे, त्यांनी थांबा. बसून एकेक बघू. झेरॉक्स नको, मूळ कागद आणा.